कादंबरी आणि तिचा सिनेमा: सोलापूरच्या वाचनगटासाठी जोड्या ठरवायच्यात, आणि आमचं भांडणही मिटवा

पूर्वभाग

मंडळी, सोलापुरात आमचा बारा जणांचा वाचनगट आहे. जूनपासून सहा महिने, दर महिन्याला एक मराठी कादंबरी आणि तिच्यावर निघालेला सिनेमा, असा बेत ठरलाय. कच्ची यादी: श्यामची आई, बनगरवाडी, सिंहासन, नटरंग, धग, दुनियादारी. यादी होईपर्यंत सगळे गोडीत होते. मग जुंपली.

पहिला वाद साधा आहे: पुस्तक आधी की सिनेमा आधी. दुसरा पेटलाय. निम्मे म्हणतात 'नटरंग'चा शेवटच बदललाय, सिनेमा मूळ कादंबरीला धरून नाही, सबब ती जोडी नको. निम्मे म्हणतात 'धरून असणं' हा निकष लावायचाच कशाला. आणि एक धास्ती सगळ्यांनाच आहे, की चर्चा 'पण पुस्तक भारी होतं हां' या एका वाक्यावर दहा मिनिटांत आटोपेल आणि उरलेला वेळ चहा-भज्यांत जाईल.

ज्यांना पटकथेतलं कळतं त्यांनी तपशिलात सांगा. पानं किती, वेळ किती, कुठं फसतं. 'मला आवडला, मला नाही आवडला' यासाठी आमचे बारा जण पुरेसे आहेत.

रीळवाला

'मूळ कादंबरीला धरून' म्हणतोस, त्याचा आधी हिशोब मांड बे.

३०० पानांची कादंबरी, पानाला २५० शब्द धरले तर ७५,००० शब्द झाले. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगानं मोठ्यानं वाचलीस तर दहा तासांच्या वर जातात. दोन तासांच्या सिनेमाची पटकथा ११०-१२० पानांची, पानाला साधारण एक मिनिट, आणि त्यात प्रसंग ६० ते ९०. पटकथेचं पान निम्मं मोकळंच असतं. म्हणजे कादंबरीतला मोठा भाग गळणारच, तो गळला म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. उरलं काय आणि ते का उरलं, हे विचारा.

तुमच्या गटाला एक काम द्या. कादंबरीतली सलग दहा पानं घ्यायची आणि तीन रंगांच्या पेन्सिली. दिसतं ते हिरवं, ऐकू येतं ते निळं, फक्त मनात चाललंय ते लाल. दहा मिनिटांत कळतं की ही कादंबरी पडद्यावर कुठं अडणार. हिरवा-निळा भाग कॅमेरा उचलतो. लालचं काय करायचं हा पटकथाकाराचा खरा धंदा. त्याच्याकडे वाटा मोजक्याच: निवेदनाचा आवाज लावायचा, मनातलं बोलायला एखादं पात्र समोर बसवायचं, विचाराची कृती करायची, गाण्यात घालायचं, नाहीतर सरळ सोडून द्यायचं. निवेदनाचा आवाज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसणारा. पडद्यावर पाऊस पडत असताना आवाज सांगतो 'पाऊस पडत होता', आणि प्रेक्षक जांभई देतो.

यासाठी तुमच्या यादीत एक मोठी गाळलेली जागा आहे: मिलिंद बोकीलांची 'शाळा'. कादंबरी २००४ची, सुजय डहाकेचा सिनेमा २०१२चा. ती पानं रंगवलीत तर जवळजवळ लालच लाल निघतील, कारण नववीतल्या मुकुंद जोशीच्या डोक्यातली अखंड बडबड हाच त्या पुस्तकाचा ऐवज आहे. वर्गातली शिरोडकर नुसती पुढच्या बाकावर बसली तरी हा मनात पानभर बोलतो. पडद्यावर त्या पानाची एक नजर होते. ती नजर पुरते की नाही, यावर तुमचे बारा जण तासभर सहज भांडतील. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत रूपांतरित पटकथेचा पुरस्कार या सिनेमाला मिळालाय, अविनाश देशपांडे यांना. म्हणजे काम अभ्यासण्यासारखं आहे हे नक्की.

माणदेशी

हिशोब छान आहे, पण तो एका पुस्तकापाशी कोसळतो. 'बनगरवाडी' घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची कादंबरी, आवृत्तीप्रमाणे जेमतेम सव्वाशे-दीडशे पानं. तुमच्याच वेगानं मोठ्यानं वाचली तर पाच तासांत होते. यातलं फार काही टाकायची सक्ती नाही. अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा, माडगूळकरांच्या हयातीतला, आणि निष्ठेनं केलेला. तरी दोन्हींचा अनुभव वेगळा आहे. का? पानांच्या गणितात याचं उत्तर नाही.

माझ्या मते कारणं दोन. पहिलं, या कादंबरीला कथानक असं नाहीच. मास्तर येतो, वाडी त्याला एकेक माणूस दाखवत जाते, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तर जातो. पुस्तकात एकेका माणसाला चार-पाच पानं मिळतात आणि तो माणूस पुन्हा आला नाही तरी चालतं. सिनेमात चेहरा एकदा लक्षात राहिला की प्रेक्षक त्याची वाट बघत बसतो. म्हणून पडद्यावर तालमीचं बांधकाम हा धागा आपोआप जाड होतो: गावानं एकत्र येणं, औंधच्या राजेसाहेबांचं येणं, मग दुष्काळ. पुस्तकात तालीम हा अनेकांतला एक प्रसंग वाटतो. सिनेमात तीच पाठीचा कणा होऊन बसते.

दुसरं कारण भाषेचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तकात मास्तर आपल्याशी प्रमाण मराठीत बोलतो आणि वाडी त्याच्याशी माणदेशीत. अख्खं पुस्तक त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत घडतं. मास्तर शिकलेला आहे, परका आहे, हे तो कुठं सांगत नाही, त्याच्या वाक्यांवरून कळतं. पडद्यावर निवेदन गेलं की प्रमाण मराठीचा सलग आवाज गेला. उरली संवादांतली माणदेशी. मग मास्तरचं परकेपण दाखवायला कपडे, चालणं, उभं राहण्याची ढब यांच्यावर भार पडतो. गटात हे तपासायचं असेल तर मास्तर वाडीत पहिल्यांदा पोचतो ती पानं वाचा आणि लगेच तोच प्रसंग बघा.

सांगोला-आटपाडीकडचं कुणी गटात असेल तर वाचायला त्यालाच बसवा. संवाद पुण्याच्या सुरात वाचले की त्यातला निम्मा जीव जातो.

करलालाव_काय

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मराठी सिनेमात 'गाव' म्हटलं की तोंडात कोल्हापूर कोंबायची खोड फार जुनी आहे. सोलापूर-अक्कलकोटकडचा कानडी-तेलुगूचा वास असलेला सूर कुणी घेत नाही. 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी आली, कारण त्याच्यामागं पुस्तकच नव्हतं. लेखकाचं छापील वाक्य पाळायचं ओझं नाही. पुस्तकावरच्या सिनेमात नट छापील संवाद घोकतो आणि मग सूर कुठून तरी उसना आणतो. एवढंच. चालू द्या.

सही_शिक्का

यादीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करा. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी आणि शिवाजी लोटन पाटलांचा २०१२चा 'धग' हा सिनेमा, यांचा एकमेकांशी संबंध नाही. नाव तेवढं सारखं. सिनेमा स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाचा आहे, त्याची कथा स्वतंत्र आहे. तुमच्या गटातले निम्मे कादंबरी वाचून येतील आणि पहिल्या दहा मिनिटांत एकमेकांकडे बघत बसतील. तसंच कुणी 'सामना' सुचवला तर तोही नको. तो तेंडुलकरांनी थेट पटकथा म्हणूनच लिहिला.

आता 'सिंहासन'. जब्बार पटेल पंढरपूरचे आणि शाळा आपली हरीभाई देवकरण, एवढ्यावर आपण सोलापूरकर खूश असतो. पण तुमच्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे: १९७९चा हा सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. पटकथा विजय तेंडुलकरांची. एका महिन्यात दोन्ही वाचायला सांगाल तर कुणीच पूर्ण करणार नाही. गट दोन भागांत विभागा, सहा जणांनी एक वाचायची, सहा जणांनी दुसरी. सिनेमा सगळ्यांनी. चर्चेत पहिला प्रश्न असा ठेवा: पडद्यावरची कोणती गोष्ट तुमच्या पुस्तकात नव्हती? दोन्ही बाजूंची उत्तरं फळ्यावर समोरासमोर लिहिली की तेंडुलकरांनी कुठून काय उचललं याचा नकाशाच तयार होतो.

बघण्याची खरी गोष्ट म्हणजे पत्रकार दिगू टिपणीस. कादंबरीकाराला मुख्यमंत्र्याच्या डोक्यात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. या परिच्छेदात तिथं, पुढच्यात कामगार पुढाऱ्याच्या घरात. कॅमेऱ्यालाही सगळीकडे जाता येतं, पण प्रेक्षकाला धरायला एक माणूस लागतो. पटकथेनं ते काम दिगूकडे दिलंय. निळू फुल्यांसारखा दणदणीत आवाजाचा नट घेतला आणि त्याला मुख्यतः ऐकायला आणि बघायला लावलं. शेवटी त्याचं ते हसणं येतं तेव्हा कळतं की आत्तापर्यंत हा माणूस काय काय साठवत होता. कादंबरीतल्या निवेदकाचं काम पडद्यावर कुणी घेतलं, हा प्रश्न तुम्ही प्रत्येक जोडीला विचारू शकता. 'जैत रे जैत'मध्ये ते काम गाण्यांनी घेतलंय: गोनीदांची कादंबरी, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. गाणी काढली तर तो सिनेमा उभाच राहत नाही.

प्रतींचाही विचार करा. वाचनालयात एका शीर्षकाच्या एक-दोन प्रती असतात, त्यावर बारा जणांचा महिना निघत नाही. चार प्रती जमवा, एका प्रतीला तीन वाचक, प्रत्येकाला दहा दिवस. तीस दिवसांत बारा जण होतात. पहिला वाचक अडखळला की साखळी तुटते, म्हणून प्रत्येक प्रतीचा पहिला मान झपाट्यानं वाचणाऱ्याला.

शेंगाचटणी

नटरंगबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते.

रीळवाला, तुमचा पानांचा हिशोब मला मान्य आहे, पण शेवट बदलणं त्या हिशोबात बसत नाही. प्रसंग गाळणं ही जागेची अडचण. शेवट उलटा करणं हा निर्णय. आनंद यादवांच्या कादंबरीत गुणा कागलकर नाच्या होतो, त्याची किंमत म्हणून घर, बायको, मुलं, गावातली जागा, शरीराचा मान, सगळं देतो, आणि शेवटी हातात काही राहत नाही. रवी जाधवांच्या सिनेमात पुढं म्हातारपणी जीवनगौरव पुरस्कार येतो, टाळ्या येतात. कादंबरी विचारते, कलेनं या माणसाचं काय केलं? सिनेमा उत्तर देऊन मोकळा होतो: बघा, सोसलं त्याचं चीज झालं. प्रश्नच पुसला की हो.

पण म्हणून जोडी काढू नका. उलट याच कारणासाठी ती ठेवा. कारण त्याच सिनेमात एक गोष्ट पुस्तकापेक्षा कमी जागेत आणि जास्त जोरात होते. पैलवानाचं शरीर नाच्याचं होत जाणं. यादवांना त्यासाठी पानंच्या पानं लागतात आणि ती सुंदर आहेत. अतुल कुलकर्णी, सोलापुरातच वाढलेले, ते खांदा, मनगट आणि मान यांच्यातून दाखवतात. आधीचा गुणा उभा राहतो तेव्हा वजन दोन्ही पायांवर, छाती पुढं. नंतर एका पायावर भार, कंबर किंचित मोडलेली, बोटं कधीच सरळ नाहीत. आवाज बंद करून दोन प्रसंग लागोपाठ बघा: सुरुवातीचा गडी म्हणून राबणारा गुणा आणि फडात उभा राहिलेला गुणा. रीळवाल्यांच्या लाल पेन्सिलीचं उत्तर तिथं मिळतं.

रीळवाला

चटणीताई, शेवट बदलला की फसवणूक, असं सरसकट म्हणता येत नाही. 'शतरंज के खिलाडी' घ्या. प्रेमचंदांच्या गोष्टीत दोघं मित्र बुद्धिबळाच्या डावावरून तलवारी काढतात आणि एकमेकांना मारतात. सत्यजित राय यांनी १९७७च्या सिनेमात दोघांनाही जिवंत ठेवलं. तेवढ्यावरून त्याला 'मूळ गोष्टीशी बेइमानी' म्हणायचं का? 'पथेर पांचाली'तही तेच: कादंबरीत इंदिर ठाकरुण सुरुवातीलाच जाते, सिनेमात ती कितीतरी जास्त वेळ आहे, आणि ती म्हातारी त्या पोरांसोबत आहे म्हणूनच ते घर घर वाटतं.

आणि नटरंगला व्यवहाराची बाजू आहे. तमाशावरचा सिनेमा, नाच्याची मुख्य भूमिका, नवा दिग्दर्शक. प्रेक्षक शेवटी सुन्न होऊन बाहेर पडला तर दुसऱ्या आठवड्याला थिएटरमध्ये खुर्च्या मोजाव्या लागतात.

शेंगाचटणी

तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. राय यांनी शेवट बदलला तेव्हा तो कडू झाला. प्रेमचंदांचे सरदार निदान मरतात तरी, राजासाठी नसेल, वजिराच्या सोंगटीसाठी. राय यांचे दोघं अवध बुडालं तरी डाव मांडून बसतात, आणि आता नियमही इंग्रजांचे. मेले असते तर परवडलं असतं. नटरंगचा बदल उलट्या दिशेचा आहे, कडूचं गोड करणारा. म्हणून गटाला 'शेवट बदलला का' हे विचारायला लावू नका. 'बदलानं माणसावरचा भार वाढला की हलका झाला' हे विचारायला लावा. खुर्च्यांचं म्हणाल तर ते कारण झालं, समर्थन नव्हे.

रीळवाला

भार वाढला की हलका झाला, हे चालेल. पण मग 'सुखान्त म्हणजे हलका' असा नियम करू नका. म्हाताऱ्या गुणाच्या चेहऱ्यावर पुरस्कार घेताना आनंद आहे की आणखी काही, यावर माझं-तुमचं जमणार नाही. तो शॉट गटात दोनदा लावा आणि त्यांनाच ठरवू द्या.

भैय्याचौक

'धग' निघाली तर जागा रिकामी झाली. सोलापूरचा गट आहे आणि डॉ. कोटणीस नाहीत? ख्वाजा अहमद अब्बास यांचं १९४४चं पुस्तक आणि त्यावरून व्ही. शांतारामांचा १९४६चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १९१०चा, १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ला तिथंच वारले. सिनेमा त्यानंतर चारच वर्षांनी. त्यांचं राहतं घर आज स्मारक आहे, गटाला तिथंच बसता येईल का हे विचारून बघा.

सही_शिक्का

सूचना चांगली, पण ती कादंबरी नव्हे. खऱ्या माणसाची कहाणी आहे. तिथं रूपांतराचे प्रश्न वेगळे होतात. काल्पनिक पात्राचं काय गाळलं यावर वाद घालता येतो, हयात नातेवाईक असलेल्या माणसाचं काय वाढवलं यावर घालताना पुरावे लागतात. शिवाय अब्बास यांचं पुस्तक इंग्रजी आणि सिनेमा हिंदी. सहा मराठी जोड्यांत बसत नाही. सातवी बैठक म्हणून डिसेंबरात घ्या, तारीखही जुळते.

भैय्याचौक

मान्य. पण शांतारामांनी स्वतःच कोटणीसांचं काम केलंय, तेव्हा 'खऱ्या माणसाचं काय वाढवलं' हा प्रश्न नक्की टाका. युद्धकाळावरचा सिनेमा आणि नायक देशभक्त, म्हणजे वाढवण्याचा मोह किती असेल बघा.

कलम_५२

दोन कोरड्या गोष्टी, पण नंतर डोक्याला ताप नको म्हणून.

सभागृहात गट जमवून सिनेमा लावणं हे सार्वजनिक प्रदर्शन. घरच्या वापरासाठी घेतलेल्या ओटीटी वर्गणीत ते बसत नाही, तिकीट न लावलं तरी बसत नाही. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढ्याच प्रेक्षकांपुरती कायद्यात सूट आहे. वाचनगट त्यात येत नाही. सोपा मार्ग: सिनेमा ज्यानं त्यानं घरी बघायचा, एकत्र जमून फक्त चर्चा. मोठ्या पडद्यावर लावायचाच असेल तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी, किंवा नोंदणीकृत फिल्म सोसायटीची मदत.

दुसरं, अशा गटांतून हमखास एखादा उत्साही निघतो: 'आपणच एका कथेवर दहा मिनिटांची फिल्म करू.' लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे 'श्यामची आई' १ जानेवारी २०११पासून मोकळी. त्यातल्या एखाद्या रात्रीवर खुशाल फिल्म करा. मात्र अत्र्यांच्या १९५३च्या सिनेमातलं गाणं उचलू नका. 'छडी लागे छमछम' पुस्तकात नाही, ती सिनेमाची भर. अत्रे १९६९ला गेले, त्यांच्या शब्दांची मुदत २०२९अखेर. वसंत देसाई १९७५ला गेले, चालीची मुदत २०३५अखेर. सिनेमाची स्वतःची मुदत संपली म्हणून त्यातली गाणी मोकळी झाली असं होत नाही, आणि बहुतेक जण नेमके इथंच अडकतात. अण्णा भाऊ साठे २०२९अखेर, माडगूळकर २०६१अखेर.

हयात लेखकाकडून किंवा वारसांकडून हक्क घेत असाल तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर वर्षभरात हक्क वापरला नाही की तो परत जातो. तोंडी 'करा हो, आनंद आहे' यावर कॅमेरा लावू नका.

पूर्वभाग

बापरे, भरपूर मिळालं. 'धग'च्या घोळाबद्दल आभार, तो आमच्या लक्षातच आला नव्हता. दोन गोष्टी राहिल्या. पुस्तक आधी की सिनेमा आधी? आणि प्रत्यक्ष बैठक कशी चालवायची, दोन तासांत?

रीळवाला

सरसकट उत्तर नाही. 'सिंहासन' आधी सिनेमा. पात्रं इतकी आहेत की कोरं पुस्तक हातात घेतलं तर पन्नासाव्या पानापर्यंत कोण कुणाच्या गटातला हेच कळत नाही. चेहरे आधी बघितले की पानं पळतात. 'जैत रे जैत'ही आधी बघा. 'शाळा' आणि 'बनगरवाडी' मात्र आधी पुस्तक.

माणदेशी

सिंहासनबद्दल नाही पटत. एकदा निळू फुले बघितले की दिगू टिपणीस जन्मभर निळू फुलेच. अरुण सरनाईकांखेरीज मुख्यमंत्री दिसत नाही. साधूंनी कागदावर उभा केलेला माणूस कसा होता हे मग वाचकाला कधीच कळत नाही. पात्रं जास्त वाटत असतील तर पहिल्या पानाला नावांची चिठ्ठी डकवा: नाव, खातं, कुणाच्या बाजूचा. एवढ्यासाठी आधी सिनेमा कशाला?

सही_शिक्का

दोन गट केलेच आहेत तर 'मुंबई दिनांक'वाल्यांनी आधी सिनेमा बघावा, 'सिंहासन'वाल्यांनी नंतर. वाद तुमचा, प्रयोग त्यांचा.

बैठकीचं सांगतो. सिनेमा घरी बघून यायचं, पुस्तक वाचून यायचं. ज्याचं वाचून झालं नाही त्यानंही यायचं, पण फळ्यावर लिहायचं काम त्याचं. आधीच एक प्रसंग ठरवून ठेवा जो दोन्हीकडे आहे. पुस्तकातली त्याची दोन पानं एकानं मोठ्यानं वाचायची, चार-पाच मिनिटं लागतात. सिनेमातला तो प्रसंग कितव्या मिनिटाला सुरू होतो आणि संपतो हे प्रत्येकानं घरी बघतानाच टिपून ठेवायचं, म्हणजे आठवणीवर भांडणं होत नाहीत. मग फळ्यावर रकाने पाडा: कुणाच्या नजरेतून, काय गेलं, काय आलं, कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी गेलं. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि सगळ्यात जास्त माल तिथंच असतो. दोन किरकोळ पात्रांचं एक केलं की त्यांची वाक्यं तिसऱ्याकडे जातात आणि त्या तिसऱ्याचा स्वभावच बदलतो. पहिली चाळीस मिनिटं 'आवडला' हा शब्द काढायचा नाही. बंदी मोडणाऱ्याकडे चहाचं बिल.

फसतं ते दोन ठिकाणी. एक, प्रसंग फार मोठा निवडला जातो. नटरंगचा अख्खा शेवट घेऊ नका, पुरस्काराची तीन मिनिटं घ्या. दुसरं, जो सिनेमातला जाणकार असतो तो लेन्स आणि प्रकाशयोजना सुरू करतो आणि बाकीचे अकरा गप्प होतात. त्याला शेवटची पंधरा मिनिटं द्या, आधी नाही.

रीळवाला

हे कुणाला उद्देशून होतं ते कळलं हां.

पूर्वभाग

सुधारलेली यादी: जून 'शाळा'. जुलै 'बनगरवाडी', वाचायला सांगोल्याची एक जण तयार आहे. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून 'सिंहासन', दोन गट. ऑक्टोबर 'नटरंग'. नोव्हेंबर 'श्यामची आई', पण सिनेमे दोन: अत्र्यांचा १९५३चा आणि सुजय डहाकेचा २०२३चा. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत आणि आश्रमात बसून सांगणारा मोठा श्याम आहे. दोन्ही सिनेमांनी कोणत्या रात्री उचलल्या आणि त्या सांगणाऱ्याचं काय केलं, एवढंच बघणार आहोत. नव्या सिनेमात मोठा श्याम म्हणून ओम भुतकर पडद्यावर आहे, तेव्हा सही_शिक्का यांचा 'निवेदकाचं काम कुणी घेतलं' हा प्रश्न तिथं नीट बसेल. डिसेंबरात कोटणीस. 'दुनियादारी'ला जागा उरली नाही.

करलालाव_काय

'दुनियादारी' काढली? शिरवळकरांची कादंबरी १९८२ची, सिनेमा २०१३चा, मधे तीस वर्षं. लिहिली तेव्हा ती चालू काळाची होती, पडद्यावर आली तेव्हा बेलबॉटम आणि कट्टा हीच जाहिरात झाली. कादंबरीतली चीड कुठं गेली आणि तिच्या जागी यारी-दोस्ती कशी आली, हा बाजाराचा धडा तुमच्या बाकीच्या पाचांतून मिळायचा नाही. जड-जड सगळं ठेवलं आणि पोरांनी खरोखर वाचलेलं पुस्तक तेवढं उडवलं, असं कसं? सिंहासनचे दोन महिने एकात बसवा. गट दोन केलेच आहेत, मग दोन महिने कशाला लागतात?

पूर्वभाग

मुद्दा आहे. प्रती आठ लागतील मग, प्रत्येक कादंबरीच्या चार. दोन-दोन प्रतींवर सहा जणांचं भागलं तर ऑगस्टमध्येच उरकतो आणि सप्टेंबर 'दुनियादारी'ला देतो. कुणाकडे 'मुंबई दिनांक' असेल तर निरोप करा.

सही_शिक्का

आठ कशाला? एका प्रतीला तीन वाचक, सहा जणांना दोन प्रती पुरतात. चारच लागतील. 'मुंबई दिनांक'साठी आधी जुन्या पुस्तकांच्या दुकानात फिरा, वाचनालयाची प्रत शेवटी. ती मुदतीत परत करावी लागते.